आईच्या नावाने दिलेली साक्ष

९ जानेवारी

आदरणीय पाळकसाहेब यांस,

आपल्या मंडळीचं मासिक मिळालं. आपण पाठवलं नव्हतंत. आईच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंना ते त्यांच्या बहिणीकडून आलं आणि त्या ते माझ्याकडे घेऊन आल्या. दारातच डोळे टिपत म्हणाल्या, "काय भाग्य तुमचं, अशी आई लाभली." मी त्यांना बसवलं, पाणी दिलं, पान चार वाचलं आणि त्यांच्यासमोरच मासिक केराच्या डब्यात टाकलं. त्या पाणी न पिताच गेल्या. नंतर मी ते परत बाहेर काढलं, कारण आपल्या चुका बोट ठेवून दाखवायच्या होत्या.

'माझ्या आईची साक्ष.' खाली फोटो, तोही आपला. आईचा नाही.

आता 'आपण' पुरे. दादा, तू खोटं बोलला आहेस. आधी व्यासपीठावरून बोललास आणि मग ते छापलंस.

तू लिहितोस, आईची स्मृती गेली, मुलांची नावं गेली, पण प्रभूचं नाव तिला शेवटपर्यंत सोडून गेलं नाही. रोज संध्याकाळी ती न अडखळता प्रार्थना करायची. हसतमुखाने, ओठांवर त्याचं नाव घेऊन गेली. तुला हे कोणी सांगितलं? अडीच वर्षांच्या आजारपणात तू एकदा आलास, तीन दिवसांसाठी, आणि त्यातला एक दिवस तुझी पाळकांची परिषद होती. अंत्यविधीला आलास तो चाळीस मिनिटं बोललास आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेलास. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

हसतमुखाचं म्हणशील, तर बावीस वर्षं मी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. माणसाचं तोंड कशाने हसतं ते मला विचार. आईची कवळी मीच केली होती. हिरड्या झिजत गेल्या तशी तीनदा आतून भरून दिली होती. शेवटचे पाच दिवस ती कवळी वाटीत पाण्यात पडून होती आणि आईचे ओठ आत ओढले गेले होते. त्याला हसू म्हणत नाहीत. तिचं शेवटचं कळेल असं बोलणं होतं, "पंखा बंद कर." मी तो बंद केला.

मेलेल्या म्हशीला मणभर दूध. रागावू नकोस, ही म्हण आईचीच होती, आणि ती अंत्यविधीहून परत आली की हमखास वापरायची.

पुढच्या अंकात दुरुस्ती छाप. दोन ओळी पुरतील. मजकूर हवा असेल तर मी देते.

पान चारवर जिचा उल्लेख नाही ती,
तुझी बहीण


२७ जानेवारी

दादा,

चार पानी उत्तर मिळालं. 'साक्ष म्हणजे पंचनामा नव्हे' या वाक्याखाली रेघ मारली आहेस, म्हणजे ते तुला फारच आवडलेलं दिसतंय. देव संकटात आपल्याला क्षणभरही सोडत नाही, हे लोकांना ऐकायची गरज असते, म्हणतोस. लोकांना, की तुला? मला ती गरज नव्हती. मला एक माणूस हवं होतं, जे बुधवारी दुपारी दोन तास आईजवळ बसेल आणि मला झोपू देईल.

तसे लोक यायचे. सुरुवातीला चर्चमधून जोडीजोडीने येत. एकदा एक गृहस्थ म्हणाले, "देव ज्याच्यावर प्रेम करतो त्याचीच परीक्षा घेतो, ताई." मी म्हटलं, "मग त्याला सांगा, जरा कमी कर." त्यानंतर ते आले नाहीत. मीही चर्चला गेले नाही. दोघांचंही नुकसान झालं नाही.

आता बारा एप्रिलबद्दल. आईच्या वर्षाच्या दिवशी तिच्याच चर्चमध्ये स्मरणाची उपासना, तू उपदेश करणार, आणि तुझ्यानंतर मी उभी राहून 'दोन शब्द साक्षीचे' सांगायचे. तुझ्या गोष्टीवर माझा शिक्का हवा आहे तुला. तिथे होती ती मी, म्हणून.

ती हजेरी तुला आठवते का? आई संध्याकाळी सातला पलंगाच्या कडेला बसून देवाला घराची हजेरी द्यायची. तेवढीच तिची प्रार्थना. बाबा पाळीवर आहेत, येताना रस्ता ओला आहे. थोरला परीक्षेला गेलाय, घाबरट आहे, बघ जरा. जो घराबाहेर असेल त्याचंच नाव. आपण दोघं दाराआड हसायचो, की देवाला पत्ता सांगितल्याशिवाय माणूस सापडत नाही वाटतं.

आजारात ती हजेरी कशी गेली ते ऐक. सगळ्यात आधी माझं नाव गेलं. मी कामावर गेलेली असले तरी तिच्या लेखी मी घरातच होते. मग बाबा मेलेत हे ती विसरली आणि रोज त्यांच्यासाठी रस्ता कोरडा मागायला लागली. तुझं नाव सगळ्यात शेवटपर्यंत राहिलं. रोज तुझं नाव, आणि मी शेजारी बसून तिच्या पायांना तेल लावतेय. यात तुला काही गोड दिसत असेल तर ते तुझ्याजवळ ठेव.

मग तेही गेलं. सात वाजले की ती नुसतीच दार ते खिडकी, खिडकी ते दार अशा फेऱ्या घालायची. काहीतरी करायचं राहिलंय एवढंच तिला कळायचं. तुझ्या मासिकातली न अडखळणारी बाई मी पाहिलेली नाही.

मी बारा तारखेला उभी राहीन. पण काय बोलेन ते तुला आवडणार नाही.

तुझी बहीण


१६ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र पाच तारखेला मिळालं. तेच पत्र दहा तारखेला पुन्हा मिळालं. अक्षर न अक्षर तेच, फक्त वर तारीख वेगळी. पाळकांना एकच प्रवचन दोन मंडळ्यांत खपवायची सवय असते हे माहीत होतं, पण मी एकटीच आहे रे, दोनदा कशाला?

दोन्ही पत्रांत तू विचारतोस, "खरं सांग, ती त्याला विसरली नाही ना?" तर खरं सांगते. मग मला दोष देऊ नकोस.

ती फेऱ्या घालायला लागल्यावर हजेरी मी घ्यायला लागले. श्रद्धेने नाही. माझ्या आवाजात ते शब्द ऐकले की ती बसायची म्हणून. मी कपड्यांच्या घड्या करत म्हणायचे, प्रभू येशू, दादा त्याच्या गावी आहे, वहिनी तिथेच आहेत, बाबांचं तू बघतच असशील. एका संध्याकाळी तिने मला थांबवलं.

"हे येशू कोण?"

मी म्हटलं, "आपल्या ओळखीचे आहेत."

"मला नाही आठवत. कुठे राहतात?"

"जवळच."

"मग येत का नाहीत?"

तू इतकी वर्षं व्यासपीठावर आहेस, तुला उत्तर सुचलं तर कळव. हे कुत्सितपणे लिहिलंय, पण त्या दिवशी मी घडी करायचा टॉवेल तोंडावर दाबून बसले होते. जिने आपल्याला बोलायला शिकवायच्या आधी ते नाव शिकवलं, तिला ते नाव एखाद्या भाडेकरूचं असावं तसं वाटत होतं. मरेपर्यंत, पुढचे आठ महिने, तिला ते परत आठवलं नाही. मी वाट पाहिली. मी रोज विचारलं. नाही आठवलं.

आणि आता माझं. साक्षच द्यायची तर पुरी देते. ऑक्टोबरात एका सकाळी तिला अंघोळ घालताना तिने माझे केस धरले आणि सोडेना. लॅबमध्ये तीन कवळ्या त्याच दिवशी द्यायच्या होत्या. मी तिच्या हातावर मारलं. एकदा मारल्यावर केस सुटले होते. दुसऱ्यांदा मारलं ते रागाने. ती रडली नाही. माझ्याकडे परक्या मुलीकडे बघावं तसं बघत म्हणाली, "मी तुझ्या आईला सांगेन."

मी तिला पुसलं, कपडे घातले, खुर्चीत बसवलं आणि जिन्याच्या पायरीवर जाऊन बसले. लॅबमध्ये दुपारी पोहोचले. मालकाला सांगितलं, बस चुकली.

तर हा घ्या मजकूर. देवाला विसरलेली आई आणि तिला मारणारी मुलगी. हे पान चारवर छापतोस का?

तुझी बहीण


३ मार्च

दादा,

उत्तर नाही. दोनदा लिहिणारा माणूस आता एकदाही लिहीत नाही. ऑर्गनवाल्या बाई विचारत होत्या, बारा एप्रिलला गीतं कोणती निवडायची. मी म्हटलं, लहान असतील ती.

तुला वाटत असेल, ही देवाला सोडून बसलेली बाई, हिला काय बोलायचा अधिकार. तर ऐक. मी सोडलेलं नाही. सोडता आलं असतं तर बरं झालं असतं. आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सात वाजता मी पलंगाच्या कडेला बसले. शांत करायला घरात कोणी नव्हतं. तरी बसले आणि हजेरी घेतली. तेव्हापासून रोज घेते, दातओठ खाऊन घेते. आधी त्याला चार गोष्टी सुनावते. अडीच वर्षं कुठे होतास, तिने तुझं काय वाकडं केलं होतं, विसरायला तिला दुसरं काही कमी होतं का. मग नावं घेते. तुझंही, आणि तेव्हा माझा आवाज चढतो, हे शेजारीण सांगेल.

लॅबमध्ये प्लास्टर घट्ट होईपर्यंत वेळ असतो, त्या वेळात मी एकदा विचार केला की मी एवढी भांडते कोणाशी? भांडायला समोर माणूस लागतो. रिकाम्या खोलीशी कोणी वर्षभर भांडत नाही. चार दिवसांत कंटाळा येतो. मला कंटाळा आलेला नाही. याचा अर्थ माझं त्याच्याशी पटलंय असा काढू नकोस. तो तिथे आहे, एवढंच म्हणते आहे, आणि मला त्याचा राग येतो.

उत्तर दे. नाहीतर येऊ नकोस.

तुझी बहीण


१० मार्च

दादा,

आज सकाळी वहिनींचा फोन आला. मी त्यांच्यावर ओरडले. त्यांची चूक नव्हती, हे त्यांना सांग. मीही सांगेन.

नोव्हेंबरात डॉक्टरांनी तुला सांगितलं. आईचाच आजार. नोव्हेंबर. म्हणजे ती साक्ष तू डिसेंबरात दिलीस ती हे माहीत झाल्यावर. चर्चपासून घर आठ मिनिटांवर आहे आणि तू दोनदा दुसऱ्याच रस्त्याला लागलास. प्रवचन आता चिठ्ठ्यांवर लिहून नेतोस, आणि मागच्या रविवारी चिठ्ठ्यांचा क्रम चुकला. ते दुसरं पत्र तू पुन्हा पाठवलं नव्हतंस. पहिलं पाठवलंय हेच तुला आठवत नव्हतं. आणि मी त्यावर विनोद केला.

वहिनी म्हणाल्या, "ते मला म्हणतात, तुला विसरलो तर तू मला माफ कर, पण त्याला विसरलो तर काय?" आणि म्हणाल्या, माझं फेब्रुवारीचं पत्र तू तीनदा वाचलंस आणि त्या दिवसापासून प्रार्थनेला बसला नाहीस.

मला का नाही सांगितलंस? पाठच्या बहिणीला? चारही पत्रांत मी तुझी सालटी काढतेय आणि तू गप्प. आई त्याला विसरली नाही असं तुला हवं होतं, कारण ती विसरली असेल तर तूही विसरशील. हे मला एका ओळीत लिहिता आलं नसतं तुला?

आज आणखी लिहिता येत नाही. रागानेच.

धाकटी


१३ मार्च

दादा,

हे पत्र वहिनींना मोठ्याने वाचायला सांग, आणि नंतर तुझ्या पवित्र शास्त्रात खुणेसाठी ठेव, म्हणजे पुन्हा सापडेल.

मी लिहिलं ते खोटं होतं असं आता म्हणणार नाही. तुला बरं वाटावं म्हणून एक शब्द मागे घेणार नाही. आई त्याला विसरली. पूर्ण विसरली. तूही बहुतेक विसरशील. आपलं रक्त एकच आहे, तेव्हा पुढचा नंबर माझाही असू शकतो, आणि हा विचार मी रोज सकाळी दात घासताना करते.

पण मी एक गोष्ट लपवली. दोन कारणांनी. एक, ती माझी होती, आणि अडीच वर्षांत माझं असं तेवढंच मिळालं होतं. दुसरं, तू तिचं प्रवचन केलं असतंस.

'येशू कोण' म्हणून विचारलं त्यानंतर आठ-दहा दिवसांची गोष्ट. सात वाजले होते. आई पलंगावर पाय लांब करून बसली होती, मी खुर्चीवर हजेरी घेत होते, पुटपुटत, उरकून टाकावं तशी. ती म्हणाली, "कोणाशी बोलतेस?"

मी दमले होते. म्हटलं, "आहे एक."

"इथे?"

"हो, इथेच."

तिने सगळ्या खोलीभर बघितलं. मग माझ्याकडे रागाने बघितलं, लहानपणी मी पाहुण्यांना पाणी द्यायचं विसरले की बघायची तसं. म्हणाली, "मग त्याला बसायला नाही का सांगायचं?" आणि तिने पाय आखडून घेतले. गुडघे दुखायचे तिचे, तू पाहिलंयस. दोन्ही हातांनी एकेक पाय उचलून बाजूला केला, चादर तळहाताने सरळ केली आणि त्या रिकाम्या जागेकडे बघून म्हणाली, "बसा."

नाव माहीत नव्हतं. कोण आहे ते माहीत नव्हतं. तरी बसा म्हणाली.

मला कोणी दिसलं नाही. तेज वगैरे काही नाही, बल्ब होता तेवढाच. पण मी खुर्चीवरून उठले नाही आणि त्या जागेवर त्या संध्याकाळी मी बसले नाही. जेवण भरवायलासुद्धा पलीकडून वळसा घालून गेले. आई बराच वेळ पाय आखडूनच होती.

मला ही गोष्ट पुरती कळलेली नाही. एवढंच कळलंय की तिची ओळख गेली होती आणि तो गेला नव्हता. आपण धरून ठेवतो म्हणून तो राहतो, असं तुझ्या मासिकात लिहिलंय. तसं असतं तर तो त्या खोलीत तेव्हा असण्याचं काही कारणच नव्हतं. धरणारं कोणी उरलंच नव्हतं. तिने सोडलं होतं आणि मी तर त्याला रोज हाकलत होते.

हे प्रवचनात वापरलंस तर याद राख.

बारा एप्रिलला तू बोलायचं नाहीस. पहिल्या रांगेत वहिनींशेजारी बसायचं. मी उभी राहीन. आई विसरली हे सांगेन, मी तिला मारलं हे सांगेन, ते 'बसा' सांगेन आणि खाली बसेन. ऑर्गनवाल्या बाईंना मी माफी मागून घरी बोलावलं होतं. पाणी पिऊन गेल्या या वेळी.

तोपर्यंत प्रार्थनेला बस. येत नसेल तर नुसता बस. शब्द मी इथून म्हणते आहे, तुझ्या वाटणीचेही. विसरशील तेव्हा मी तिथे येऊन म्हणेन. माझी वेळ आली तर कोण म्हणेल ते त्याने बघावं, ते काम मी त्याच्यावर टाकलंय आणि तसं त्याला स्पष्ट सांगितलंय.

लॅबच्या मालकाकडून तीन आठवड्यांची रजा घेतली. तो कुरकुरला, मी त्याच्याहून जास्त कुरकुरले. गुरुवारी दुपारी पोहोचते. तुझ्यावरचा राग अजून संपलेला नाही, तो बरोबर घेऊन येतेय. स्टेशनवर घ्यायला येऊ नकोस, मला घर सापडतं.

आणि एक काम मी यायच्या आधी कर. बाथरूमच्या दाराची आतली कडी काढून टाक. आईला ती लावता यायची, उघडता यायची नाही. वहिनींना करू देऊ नकोस, तू स्वतः कर, स्क्रू अजून तुला नीट फिरवता येतो.

धाकटी